पर्सवर ठेवलेलं पॅड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात हल्ली परदेश सहलींच्या जाहिराती रोज दिसतात. सोलापुरातून फक्त टॉवेलवाले फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला जायचे, ते दिवस गेले. आता पेन्शनर निघालेत, दुकानदार निघालेत, उमराहला जाणारी कुटुंबं आहेत, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आया आहेत. जन्मभर काटकसर केलेल्या माणसांना जग बघायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण निघताना त्यांना एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी एका बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली २२ कॅश काउंटरवर. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चौघं युरोपच्या सहलीला गेलो. आमचे हे, मी, मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. पॅरिसमध्ये दुसऱ्याच दिवशी अक्कांच्या पर्समधून पाऊच गेला. त्यात दोघांचे पासपोर्ट, अक्कांचं डेबिट कार्ड, साडेतीनशे युरो आणि फोनमधून काढून प्लास्टिकच्या पुडीत ठेवलेलं इथलं सिमकार्ड होतं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टीही त्यातच होती.

हे कसं झालं ते सविस्तर सांगते.

आयफेल टॉवरच्या समोर, नदीच्या अलीकडे, त्रोकादेरो नावाची उंचावरची फरसबंद जागा आहे. तिथून टॉवरचा अख्खा फोटो येतो, म्हणून सगळ्या सहली तिथं थांबतात. शुक्रवार होता, दुपारचे सव्वाचार झाले असतील. सोळा-सतरा वर्षांच्या तिघी मुली आल्या. कपडे स्वच्छ, केस नीट बांधलेले. त्यातल्या एकीनं कानाला आणि ओठांना बोट लावून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, अशी खूण केली. तिच्या हातात आपली मुलं परीक्षेला नेतात तसलं पॅड होतं, त्यावर इंग्रजीत छापलेला कागद, खाली सह्यांच्या रांगा आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. मूकबधिर मुलांसाठी सह्या गोळा करतोय, असा मजकूर होता.

अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत २८ वर्षं शिकवत होत्या. ऐकू न येणारी एक मुलगी त्यांच्या वर्गात होती, तिला पहिल्या बाकावर बसवून ओठांच्या हालचालीवरून त्यांनी वाचायला शिकवलं होतं. अशी पोर समोर आल्यावर अक्का सही करणारच. सहलीवाल्यांनी सांगितलं होतं म्हणून त्यांची पर्स पाठीवर नव्हती, पोटावर होती, वरून हात ठेवलेला. पण सही करायची म्हणजे एका हातात पेन आलं आणि दुसऱ्या हातानं पॅड धरावं लागलं. त्या मुलीनं पॅड बरोबर पर्सच्या वर, अक्कांच्या पोटाशी टेकवलं. अक्कांनी सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि पुढं ‘सोलापूर, भारत’ असं मराठीत लिहिलं. तेवढ्या वेळात पॅडखाली दुसऱ्या मुलीचा हात चालू होता. मी चार हात लांब उभी राहून टॉवरचा फोटो काढत होते. ती दुसरी मुलगी अक्कांना इतकी खेटून उभी असलेली मला दिसली होती, पण कागद वाचतेय असंच वाटलं. सही झाल्यावर अक्कांनी आपणहून दोन युरो द्यायला पर्सकडे हात नेला, तर चेन उघडी. मान वर करेपर्यंत मुली पायऱ्या उतरून गर्दीत दिसेनाशा झाल्या होत्या.

संपादक महोदय, मी २२ वर्षं हाच प्रकार काउंटरच्या आतून बघितला आहे. पेन्शनची रक्कम मोजणाऱ्या आजोबांना कुणीतरी म्हणतं, ‘काका, तुमची नोट पडली बघा खाली.’ खरंच खाली दहाची नोट असते. आजोबा वाकतात आणि कट्ट्यावरचं बंडल जातं. तोतया पोलिसांच्या बातम्या तर आपल्याच अंकात किती वेळा येतात. ‘आजी, पुढं खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधून ठेवा,’ म्हणायचं आणि पुडी परत देताना बदलायची. तिकडेही तोतया पोलीस आहेत. साध्या वेशात येतात, खोट्या नोटा तपासायच्यात म्हणून पाकीट मागतात. पॅरिसमध्ये कुणी पायाशी सोन्यासारखी अंगठी टाकून ‘तुमची का?’ विचारतं. मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या चर्चच्या पायऱ्यांवर काही जण हसत हसत मनगटाला रंगीत दोरा बांधतात, मग पैसे मागतात, आणि तुम्ही दोरा सोडवत असताना त्यांचा जोडीदार तुमच्या खिशाकडे बघत असतो. रोममध्ये टर्मिनी स्टेशनवरून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस आणि बार्सिलोनातला ला रांब्ला हा रस्ता या कामासाठी प्रसिद्धच आहे. बँकॉकमध्ये एखादा सभ्य माणूस सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे,’ आणि रिक्षात घालून रत्नांच्या दुकानात नेतो. सगळीकडे युक्ती एकच. आधी तुमचे हात आणि डोळे गुंतवायचे.

हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. गड्ड्याच्या यात्रेत शिरताना आम्ही बायका मंगळसूत्र पदराखाली घेतो, पाकीट आतल्या खिशात जातं, पोराचा हात सुटत नाही. पण विमानातून उतरलं की हीच माणसं सैल पडतात, कारण ‘तिकडं चोऱ्या होत नाहीत’ हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. स्वच्छ रस्ता आणि शिस्तीची रांग बघून आपण चोर नाहीत असं धरून चालतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी २०१३ च्या एप्रिलमध्ये पाकीटमारांच्या त्रासाला कंटाळून काम बंद केलं होतं आणि त्या दिवशी संग्रहालय उघडलंच नाही. तिथल्या मेट्रोत पाकीटमारांपासून सावध राहा, असं स्पीकरवरून सांगतात. म्हणजे तिथले लोक लपवत नाहीत. आपल्याकडून जाणाऱ्यालाच कुणी सांगत नाही.

आता पहिल्या तासाबद्दल. आमचं खरं नुकसान तिथं झालं.

पाऊच गेला हे कळल्यावर आम्ही चाळीस मिनिटं फुकट घालवली. भावजी अक्कांवर ओरडले. अक्का कठड्याला धरून खाली बसल्या. आम्ही दोघं कचऱ्याचे डबे बघत फिरलो, कारण चोर रोकड काढून बाकीचं फेकून देतात, असं आमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं. ते खोटं नाही, पण आधी फोन करायला हवा होता. तिकडं ५० युरोपर्यंतची रक्कम पिन न विचारता नुसतं कार्ड टेकवून जाते. त्या चाळीस मिनिटांत ४७, ४९ आणि ३८ युरो असे तीन व्यवहार झाले. अक्कांना मेसेज आला नाही, कारण मेसेज येणारं सिमच पाऊचमध्ये होतं आणि फोनमध्ये तिकडचं सिम होतं.

मग मी कार्ड बंद करायला बँकेचा नंबर लावला. १८०० ने सुरू होणारा हा नंबर मी ग्राहकांना हजार वेळा लिहून दिला असेल. परदेशातून तो लागेना. नोकरीत असताना हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. परदेशातून लागणारा ९१ चा वेगळा नंबर असतो आणि तो कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो, पण कार्ड तर चोराकडे! शेवटी मी माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्याला सोलापुरात व्हॉट्सॲपवर फोन केला. ते जेवायला बसले होते. ताट सरकवून त्यांनी बायकोच्या फोनवरून १८०० लावला आणि दोन्ही फोनचे स्पीकर चालू करून ते समोरासमोर धरले. बँकेतली मुलगी सोलापुरातल्या एका फोनमधून बोलत होती, अक्का पॅरिसहून दुसऱ्या फोनमधून उत्तरं देत होत्या. जन्मतारीख, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर, शेवटचा व्यवहार किती रुपयांचा. अक्कांचा आवाज फुटत नव्हता. सहकारी मधूनच ‘ताई, जरा मोठ्यानं’ म्हणत होते. कार्ड बंद झालं. पुढं खात्याच्या उताऱ्यात दिसलं की त्यानंतर आणखी एक व्यवहार करून बघितला होता, तो नाकारला गेला.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी नोकरीत असतानाच आलं. फसवणुकीचा व्यवहार बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितकं आपल्या अंगावर. आमचे आधीचे तीन व्यवहार परत मिळाले नाहीत. २०२० पासून आणखी एक सोय झाली आहे. नवीन कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. ते आपण सुरू करायचं असतं, किती रकमेपर्यंत चालावं हे ठरवता येतं, टेकवून पैसे देण्याची सोयही बंद ठेवता येते. बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. अक्कांचं कार्ड निघताना भाच्यानं सुरू करून दिलं होतं, मर्यादा मात्र घातली नव्हती. घातली असती, तर एवढं गेलं नसतं.

पोलीस ठाण्यात अडीच तास गेले. परदेशी तक्रारदाराला भरायचा अर्ज इंग्रजीत मिळाला. त्यात पासपोर्टचे नंबर हवे होते आणि अक्का-भावजींना ते पाठ नव्हते. झेरॉक्स? ‘बॅगेत आहे की,’ भावजी म्हणाले. बॅग हॉटेलात आणि हॉटेल शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात यांना आठवलं की व्हिसाच्या वेळचा झेरॉक्सचा एक संच आपल्या घरी कपाटात राहिलाय. सोलापुरात रात्रीचे दहा वाजले होते. शेजारच्यांकडे किल्ली होती. त्यांची कॉलेजातली मुलगी भावाला सोबत घेऊन गेली, कपाट उघडून फाइल शोधली आणि कागद आमच्या पलंगावर पसरून एकेकाचा फोटो पाठवला. प्रत्येक फोटोत झेरॉक्सच्या कडेला आमच्या सोलापुरी चादरीची लाल-काळी नक्षी आली होती. तेच फोटो पोलिसांना दाखवले, तेच सोमवारी वकिलातीत दाखवले. आज आमच्या चौघांच्या पासपोर्टचे फोटो एकमेकांच्या फोनमध्ये आहेत, पुण्यात भाच्याकडे आहेत आणि कागद वेगवेगळ्या बॅगांत आहेत. नवरा-बायकोचे पासपोर्ट एकाच पर्समध्ये कधीही ठेवू नका. एक गेला तर दुसरा निदान हिंडूफिरू शकतो.

आपली वकिलात पॅरिसच्या सोळाव्या विभागात आहे. शनिवार-रविवार कामकाज बंद. आमची बस शनिवारी सकाळी सात वाजता बाकीच्यांना घेऊन स्वित्झर्लंडला निघाली. त्यांना थांबणं शक्यच नव्हतं. अक्का-भावजींना एकटं सोडवेना म्हणून आम्ही दोघंही पॅरिसला राहिलो. सोमवारी अर्ज, फोटो, पोलिसांचा कागद आणि फी दिली, मंगळवारी दुपारी इमर्जन्सी सर्टिफिकेट हातात आलं. वकिलातीतली माणसं चांगली वागली, हे मुद्दाम लिहिते. पण हे सर्टिफिकेट एकेरी असतं, त्यावर फक्त भारतात परत येता येतं. पुढचा कुठलाच देश नाही. व्हिसा पासपोर्टवरच चिकटवलेला असतो, तो त्याच्याबरोबरच गेला. आणि पासपोर्ट हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो. उद्या कुठं सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. विम्याकडून सर्टिफिकेटची फी परत मिळाली, तीही पोलिसांचा कागद आणि पावती जपून ठेवली म्हणून. रोख रकमेचा एक पैसा मिळाला नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली ते. परत आल्यावर पाच महिने अक्कांनी कुणालाही हे सांगितलं नाही. ‘तब्येत बरी नव्हती म्हणून लवकर आलो,’ असंच त्या सांगत राहिल्या. शाळेतल्या मैत्रिणींच्या भिशीला जाणं बंद केलं. का? तर बसमध्येच मागून कुणीतरी म्हणालं होतं, ‘शिकलेल्या बाईला एवढं कळू नये?’ ते त्यांच्या कानात राहिलं. मी बँकेत बघितलंय, फसलेला माणूस आधी इकडंतिकडं बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. आमचे एक मॅनेजर होते, त्यांचा नियम होता. फसलेल्या माणसाला आधी आत खुर्चीवर बसवायचं, पाणी द्यायचं, आणि ‘तुम्ही असं कसं केलंत’ हा प्रश्न बँकेतल्या कुणीही विचारायचा नाही. मग खात्याचा नंबर घ्यायचा. लाजेपोटी माणूस कळवायला उशीर करतो आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं. भावजींनी त्या दिवशी चारचौघांत ओरडण्याऐवजी अक्कांच्या हातात पाण्याची बाटली दिली असती, तर आमची चाळीस मिनिटं वाचली असती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे आणि त्यांनी ते मान्यही केलं आहे.

गेलेल्यांपैकी कुणी बोलत नाही, म्हणून जाणाऱ्याला कळत नाही. आम्ही निघण्याआधी सहलीवाल्यांनी एका हॉलमध्ये बैठक घेतली होती. दोन तास चालली. स्वेटर किती, मोजे किती, कडक भाकरी किती दिवस टिकते, गुडघेदुखीवाल्यांनी बसमध्ये कुठं बसायचं, सगळं सांगितलं. चोरीबद्दल एक वाक्य होतं, ‘पर्स पुढं घ्या.’ अक्कांची पर्स पुढंच होती. माझी सोलापुरातल्या सगळ्या सहल कंपन्यांना हात जोडून विनंती आहे, त्या बैठकीतला अर्धा तास याला द्या. रस्त्यात सही मागणाऱ्याला, अंगठी दाखवणाऱ्याला, कपड्यावर घाण पडली म्हणून पुसायला येणाऱ्याला न थांबता ‘नो’ म्हणून पुढं जायचं, हे माणसांना उभं करून करायला लावा. आपल्या पिढीला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, त्याची सवय करावी लागते. प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, ज्या ज्या देशात जाणार तिथल्या आपल्या वकिलातीचा पत्ता आणि आणीबाणीचा फोन, स्वतःच्या बँकेचा परदेशातून लागणारा नंबर. युरोपात पोलिसांसाठी ११२, आपल्याकडे आहे तोच. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५. हा कागद पर्समध्ये नको, अंगावरच्या कपड्याच्या खिशात हवा.

आणखी एक, सोलापूरकरांसाठी खास. आपल्याकडून कुणी परदेशी निघालं की ओळखीचे-अनोळखी पुडकी घेऊन येतात. ‘आमच्या पिंट्याला तेवढी शेंगाचटणी द्या.’ नाही म्हणवत नाही. २०१९ साली मुंबईच्या एका जोडप्याला नवऱ्याच्या आत्यानं दिलेल्या पुडक्यात चरस निघालं म्हणून कतारच्या तुरुंगात जावं लागलं, निर्दोष सुटायला २०२१ उजाडलं. आत्या होती ती! चटणी अवश्य न्या, पण पिशवी उघडून, ताटात ओतून, आपल्या हातानं पुन्हा भरा. देणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. आणि विमानतळावर ‘माझी बॅग जड झालीय, एवढी तुमच्या नावावर घ्या’ म्हणणाऱ्याची बॅग, तो कितीही गोड मराठीत बोलला तरी, घेऊ नका.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतली सहा कुटुंबं सिंगापूर-मलेशियाला निघाली होती. मी अक्कांना म्हटलं, तुम्ही येऊन सांगा. त्या दोन दिवस नाही म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी नातवाचं परीक्षेचं पॅड घेऊन आल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी एका बाईंना पुढं बोलावलं, पर्स पोटावर घ्यायला लावली, पॅड त्यावर ठेवून ‘नाव लिहा’ म्हणाल्या. पॅडखाली माझा हात होता. बाईंनी नाव लिहून पेन खाली ठेवलं, तेव्हा त्यांचा चष्म्याचा डबा माझ्याकडे होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मग अक्का खुर्चीवर बसल्या आणि त्रोकादेरोपासून सगळं पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं.

या पत्राला त्यांची संमती आहे. नाव मात्र छापू नका म्हणाल्या, म्हणून माझंही नको. कुठल्या ज्येष्ठ नागरिक संघाला, महिला मंडळाला किंवा सहल कंपनीला आम्ही येऊन हे करून दाखवावं असं वाटत असेल, तर आम्ही दोघी येऊ. मानधन नको. सकाळी अकरानंतर कुठल्याही दिवशी चालेल, फोन नंबर सोबतच्या चिठ्ठीत आपल्याला दिला आहे. पॅड आम्ही आमचंच आणू.

आपली,
एक निवृत्त रोखपाल,
जुळे सोलापूर